पातेल्यासाठी घर पाहिजे

भाड्याचे घर शोधणारा माणूस आधी स्वतःला दाखवतो आणि करार झाल्यावर सामान दाखवतो. माझ्या बाबतीत हा क्रम उलटला, कारण चाळीस लिटरचे स्टेनलेस स्टीलचे पातेले माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेले असे आणि घरमालकाची नजर माझ्याकडे वळण्याआधी त्याच्यावर खिळे. त्याच्या पोटात कॅटरिंगवाल्यांची तीन पायांची शेगडी, हातभर लांबीचा थर्मामीटर आणि तांब्याच्या नळीचे वेटोळे असल्यामुळे, मी आचारी आहे, वैदू आहे की बॉम्ब करणारा आहे, याचा निर्णय ज्याने त्याने आपापल्या स्वभावानुसार केला.

मी घरी बीअर करतो. निदान अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सहा वर्षे करत होतो. तिथे घरगुती बीअरला देशपातळीवरच्या कायद्याने १९७८ साली, अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने, मोकळीक मिळाली, तरी मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये थेट २०१३ पर्यंत अडून बसली होती. हा सगळा इतिहास मला तोंडपाठ होता आणि मी तो गोव्यातल्या प्रत्येक घरमालकाला न विचारता ऐकवत असे. गोव्याचा कायदा काय म्हणतो, हे मात्र मला स्वतःला विचारावेसे वाटले नाही. परदेशातून परतलेल्या माणसाला मायभूमीविषयी जो आंधळा विश्वास असतो, त्यात हेही आले. जिथे चालता चालता बार लागतो, जिथल्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे माझ्या पाच गॅलनांना, म्हणजे जेमतेम एकोणीस लिटरांना, कोण अडवणार?

अडचण मला फक्त जागेची दिसत होती. मोड आणून वाळवलेले जव भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, ते गाळून निघालेले गोड पाणी हॉप्सची कडू फुले घालून तासभर खळखळ उकळायचे, मग झटपट निववून त्यात यीस्ट सोडायचे, हा एका घाण्याचा साधा हिशेब आहे. पण एकोणीस लिटर हाती यायचे तर पंचवीस-सव्वीस लिटर चुलीवर चढवावे लागते, आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तेवढ्याला उकळी येईपर्यंत माणसाची हौस निवते. म्हणून ओरेगनमध्ये प्रोपेनची मोठी शेगडी असे. तिथले नऊ किलोंचे सिलिंडर पेट्रोलपंपावर रिकामे देऊन भरलेले आणता येत. त्यांची तोटी इथल्या सिलिंडरला बसत नाही, म्हणून मी म्हापशाच्या बाजारातून नवी शेगडी घेतली आणि एकोणीस किलोंचे निळे व्यावसायिक सिलिंडर लावायचे ठरवले.

ही शेगडी घरात पेटवता येत नाही, कारण कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचला तर बीअर प्यायला कोणी उरत नाही. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट बंदिस्त जागाही बाद. उघड्यावर मांडावी, तर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चार महिने ज्योतीवर छत्री धरून उभे राहावे लागेल. थोडक्यात, छप्पर हवे आणि भिंती नकोत. आपल्या पूर्वजांनी नेमकी अशी जागा शोधून तिला पडवी असे नाव दिलेले आहे, परंतु पडवीची घरे एकतर मुंबईकर मालकांच्या कुलपात आहेत, किंवा दिल्लीकरांना दिलेली आहेत, किंवा सतरा वारसदारांच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वाटणीच्या दाव्यात, अडकलेली आहेत.

पर्वरीच्या एका सोसायटीत पडवी नव्हती, पण गच्ची होती. तिथल्या सचिवांनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "साहेब, खाली चार नंबरच्या गाळ्यात बार आहे. बीअर तिथे तयारच मिळते. ती तुम्ही वर नेऊन पुन्हा का करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

दलालाचे मत असे पडले की मी फार खरे बोलतो. "बीअर म्हणू नका, नुसते ब्रू करतो म्हणा. लोकांना कॉफी वाटेल." तसे त्यांना वाटलेही. पेडण्याच्या एका बाईंनी चिकोरी किती टक्के घालता, एवढेच विचारले, आणि मी अडखळलो तेव्हा भेसळ करणारा म्हणून मला दारातूनच परत पाठवले. डिचोलीच्या गृहस्थांना बीअर चालत होती. निळे सिलिंडर पाहून मात्र त्यांची खात्री झाली की मी हॉटेल काढणार आणि मग वीज खाते मीटर बदलायला येणार.

शिवोलीजवळच्या भाटकारांची, म्हणजे बागायतीच्या जमीनदारांची, गोष्ट निराळी. घर जुने, मंगळुरी कौलांचे, मागे विहीर, विहिरीशेजारी माड. भाटकार आरामखुर्चीत बसून माझ्याशी तासभर बीअरविषयी बोलले, आणि त्यांना माझ्याहून जास्त माहिती होती. शेगडी चालेल, सिलिंडर चालेल, आंबवणाच्या पिंपासाठी जुना फ्रिज लावला तरी चालेल, कारण गोव्याच्या उकाड्यात अठरा-वीस अंश कुठून आणणार, हेही त्यांनीच सांगितले. मी मनातल्या मनात सामान लावायला लागलो होतो. जाता जाता एवढेच म्हणालो, की पावसाची झड मागून येते, तेव्हा विहिरीच्या बाजूला चार खांबांवर झावळ्यांचा एक लहानसा आडोसा घातला तर बरे.

भाटकारांचा चेहरा एकदम बदलला. "आडोसा म्हणजे खोप," ते म्हणाले. "खोप म्हणजे चूल. चूल म्हणजे मुंडकार."

भाटात घर करून राहणाऱ्याला संरक्षण देणारा मुंडकार कायदा १९७५ सालचा, आणि अकरा महिन्यांच्या करारावर येणाऱ्या मला तो लागू होत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही त्यांच्या डोळ्यांसमोर माझा नातू झावळ्यांच्या आडोशात उभा राहून सनद मागत होता. मी आडोसा मागे घेतला, छत्री धरून उकळतो म्हणालो, पण ते उठून उभे राहिले होते. त्यांनी मला शहाळे पाजले आणि फाटक स्वतः लावून घेतले.

शेवटी घर मिळाले ते सत्तरीत, वाळपईच्या अलीकडे, जिथे जायला मी तोवर टाळत होतो. घराला तिन्ही बाजूंनी पडवी. मालक काजूवाले, मार्चपासून मेपर्यंत डोंगरातच मुक्काम. त्यांनी पातेले गाडीतून उतरवून उंबरठ्यावर ठेवले, बोटांनी वाजवून पाहिले, आणि तांब्याचे वेटोळे हातात घेऊन म्हणाले, "हे निववायला. पाणी कुठले, नळाचे की झरीचे?" इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच काही समजावून सांगावे लागले नाही. भाणातून, म्हणजे भट्टीच्या हंड्यातून, निघालेली वाफ लावणीच्या मडक्यात कशी उतरते, नीरो, म्हणजे काजूबोंडांचा रस, किती दिवस आंबवावा, पहिल्या धारेचा हुर्राक कुठे संपतो आणि फेणी कुठे सुरू होते, हे त्यांनी मला दाखवले, आणि मी त्यांना हॉप्सचे पाकीट उघडून दिले. त्यांनी वास घेऊन ते लांब धरले.

मग त्यांनी सहज विचारले, "परवाना कोणाच्या नावावर?"

मी कार्टर सांगितला.

"तो अबकारी खात्यात येऊन सही करणार काय?" त्यांनी विचारले आणि मला बसवून घेतले. दरसाल काजूच्या डोंगराची पावणी, म्हणजे लिलाव, होते, तिथे बोली लावावी लागते, भट्टीला परवाना काढावा लागतो, आणि हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या भट्टी लावणाऱ्या माणसाला. मी त्या रात्री १९६४ सालचा अबकारी कायदा वाचला. परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे; पाहुणा ओरेगनहून आला असेल आणि स्वतःच्याच घशासाठी करत असेल तर गोष्ट वेगळी, असे कलम मला सापडले नाही. म्हणजे पर्वरीपासून पेडण्यापर्यंत ज्यांनी मला नाकारले, त्या सर्वांनी चुकीच्या कारणांसाठी योग्य तेच केले होते.

घर मात्र मी घेतले. ठेव भरली, पोलिस ठाण्यात भाडेकरूचा अर्ज दिला, व्यवसायाच्या रकान्यापुढे थोडा वेळ थांबून 'संगणक' असे लिहिले. पातेले पडवीत पालथे पडून राहिले, आणि हॉप्सचे पाकीट घरमालकीण काकींच्या फ्रिजमध्ये आमसोलांच्या बरणीमागे गेले.

भात कापून आले तेव्हा लाकडे पावसाने ओली होती. काकींनी पातेले उताणे केले, रात्री भिजवलेले भात त्यात ओतले आणि मला शेगडी पेटवायला सांगितली. दुपारभर उकड्या तांदळाचा घाणा चालला. निळी ज्योत अशी घुमत होती की शेजारची तीन कुटुंबे बघायला आली. सवयीने मी थर्मामीटर पातेल्यात बुडवला आणि बाष्पाने धुरकटलेला आकडा पुसून वाचू लागलो.

"ते काढ, बाब," काकी म्हणाल्या. "तूस उकलले की झाले. भाताला काय ताप आलेला नाही."