टॉकबॅक म्हणतो, ‘फोटो’

परत तेच! सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, माझ्या फोनमधला टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज, म्हणतो ‘फोटो’. बस्स. कसला फोटो, कोणाचा, काही नाही. दुपारी नळ कोरडा पडल्यावर कळलं ती पाणीकपातीची नोटीस होती. सेक्रेटरी काका वर मलाच म्हणे, अरे टाकली होती की, वाचली नाहीस? काका, मला दिसत नाही हे तुम्हाला मी शाळेत होतो तेव्हापासून माहितीये!

लोकलच्या रविवारच्या मेगाब्लॉकचंही तसंच, स्लो बंद का फास्ट, किती ते किती, सगळं त्या रंगीत चौकोनात कोंबलेलं आणि खाली टाईप काय केलंय तर ‘प्रवाशांनो लक्ष द्या’ आणि पुढे नऊ इमोजी, जे नऊच्या नऊ हा टॉकबॅक मला नावानिशी ऐकवतो. द्या म्हणे लक्ष. कशाकडे?

अहो, तेच दोन ओळीत टाईप करा ना. इन्स्टा, फेसबुक, एक्स, सगळीकडे ऑल्ट टेक्स्टचा, म्हणजे फोटोत काय आहे ते लिहायचा ऑप्शन आहे. आणि नुसतं ‘छान संध्याकाळ’ नको, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आई कणीस खातेय असं लिहा, म्हणजे मलापण हसता येईल. माझ्या मैत्रिणीला ऐकू येत नाही, तिची बोंब रीलला सबटायटल नसतात म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४२ याच्यावरच आहे, पण ते सरकारसाठी, काकांना कोण सांगणार.

हे लिहितोय तेवढ्यात परत टिंग. ‘फोटो’. आता काकांनाच फोन लावतो, वाचून दाखवा म्हणावं.