मेगावॉट वाढले, डीपी तोच राहिला (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी आधी तिचा आशय सांगतो. रात्री पिकाला पाणी देण्याच्या हालांवर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की 2018 मध्येच देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचली, आज वीज कमी नाही, तरी जळालेल्या डीपीचं, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरचं, रडगाणं संपत नाही. शेतकरी तारेवर आकडे टाकून चोरून वीज घेतात, म्हणून डीपी जळतात. आणि आता सरकारच्या सौर वाहिनी योजनेमुळे शेतीला दिवसा वीज मिळणार आहे, तेव्हा विषय संपला.

वीज वाढली, हे मला मनापासून मान्य आहे. 1947 मध्ये सगळ्या देशाची स्थापित क्षमता 1,362 मेगावॉट होती. 30 मे 2024 रोजी एका दिवशीची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत गेली आणि ती भागवली गेली. हे सोपं काम नव्हतं. ज्यांनी हे जाळं उभं केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, तो मी मागच्या लेखात नीट मांडला नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे.

पण ‘गावात वीज पोचली’ याचा अर्थ काय धरला होता तेही बघा. गावात डीपी आणि तारा आल्या, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज आली आणि दहा टक्के घरांना जोडणी मिळाली, की ते गाव विद्युतीकृत. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधल्या लेइसांगला वीज पोचली तेव्हा शेवटचं गाव झालं असं जाहीर झालं, ते या व्याख्येनुसार. उरलेल्या घरांसाठी ‘सौभाग्य’ ही वेगळी योजना 2017 मध्ये आणावी लागली आणि तिच्यातून अडीच कोटींहून अधिक घरांना जोडण्या मिळाल्या. फार मोठं काम झालं. पण गावं मोजली, घरं मोजली. मोटरच्या स्टार्टरवर किती व्होल्ट येतात आणि किती तास येतात, हे कुणी तितक्या हौसेनं मोजलं नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आता डीपीकडे येतो. आमच्या मळ्याच्या डीपीचंच उदाहरण देतो. डीपी 63 केव्हीएचा. त्याला पूर्ण भाराला साधारण 84 अँपिअर झेपतात. पाच एचपीची मोटर चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणजे अकरा मोटरी झाल्या की डीपी भरला. आमच्या डीपीवर सतरा होत्या. त्यातल्या दोन आकड्यावरच्या होत्या, हे मी लपवत नाही. आकडा टाकणारा आधी शेजाऱ्याचंच नुकसान करतो, तेव्हा त्याची बाजू मी घेणार नाही. पण उरलेल्या पंधरांनी रीतसर कोटेशन, म्हणजे जोडणीचे पैसे, भरलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांची मंजुरी तीन एचपीची. बोअरचं पाणी खोल गेलं तशी मोटर पाचची झाली, कागद मात्र तीनवरच राहिला. मग नवा डीपी मागायला गेलं की उत्तर मिळतं, ‘कागदावर लोड बसतोय.’

त्यात भर ऑटोची. राज्यात बऱ्याच ठिकाणी शेतीला मोटरीसाठी लागणारी थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीनं मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री आठ ते दहा तास. रात्री दोनला उठून विहिरीवर कोण जाणार? साप, बिबट्या, थंडी. म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारं यंत्र. लाईट आली की सतराच्या सतरा मोटरी एकदम उठायच्या. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे काही क्षण साडेसातशे अँपिअरची ओढ. 84 च्या डीपीवर! व्होल्टेज पडतं, मोटर घुमते, उठत नाही, जास्तच करंट खाते. फ्यूज उडतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधतो, आणि पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी डीपी जातो.

गव्हाला ओंबी धरत होती तेव्हा आमचा गेला. बदलून मिळायला एकोणीस दिवस लागले. वर्गणी काढली, ट्रॅक्टर आमचा, उतरवायला माणसं आमची. वडील सकाळ-संध्याकाळ बांधावर जाऊन उभे राहायचे आणि काही न बोलता परत यायचे. दाणा भरलाच नाही. देशात वीज शिल्लक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणूनच सौर वाहिनीनं विषय संपतो असं मला वाटत नाही. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. 2017 मध्ये ती सुरू झाली, 2023 मध्ये दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज सोडायची, ही कल्पना सरळ आहे. रात्रीचं दारं धरणं, म्हणजे पिकाला पाणी देणं, सुटलं तर त्याहून मोठी गोष्ट नाही. पण ती वीज येणार त्याच अकरा केव्हीच्या तारेतून आणि त्याच डीपीतून. सतरा मोटरी दिवसा एकदम उठल्या तरी डीपी दिवसा जळेल.

मेगावॉटचं उद्घाटन होतं, डीपीची क्षमता वाढवण्याचं होत नाही. 2018 मध्ये राज्यात एचव्हीडीएस (उच्चदाब वितरण प्रणाली) योजनेतून नव्या जोडणीच्या एक-दोन शेतकऱ्यांना स्वतंत्र छोटा डीपी द्यायला सुरुवात झाली. ती दिशा बरोबर होती, कारण डीपी आपला एकट्याचा असला की त्यावर आकडा टाकू द्यायला कुणी तयार होत नाही. तेच जुन्या जोडण्यांसाठीही व्हायला हवं. आणि शेतीला मीटर हवाच, साडेसात एचपीपर्यंतचं बिल सरकार भरत असलं तरी. मीटर नसेल तर पिकाला गेलेली, चोरीला गेलेली आणि तारेत जळलेली वीज हिशेबात एकत्र होते, आणि सगळी शेतकऱ्याच्या नावावर लागते. तुमचा राग त्या हिशेबातूनही आला असेल.

तोवर आमच्याच्यानं होईल ते आम्ही केलं. दोन्ही आकडे निघाले. पंधरापैकी अकरा जणांनी मोटरीची करंटची ओढ कमी करणारे कपॅसिटर बसवले आणि ऑटो काढून टाकले. आता मोटरी एकेक करून सुरू होतात, कोणाची आधी ते ठरलेलं आहे. यंदा हरभऱ्याचं दुसरं पाणी झालं, फ्यूज एकदाच गेला. चौघांनी ऑटो अजून काढलेले नाहीत. त्यांतले दोघे सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांना रात्री जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.