गुळाने फुफ्फुसातली दगडाची पूड निघत नाही

“डस्टला घाबरू नका! रोज गुळाचा खडा खा, छाती साफ. मास्कची गरज नाही.” काल मावशीने हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला. खाली मावसभावाने लिहिलं, “चला, मास्क सुटला.” तो ओट्यांचे ग्रॅनाइट कापतो. म्हणून हे लिहितेय.

मेसेज म्हणतो, डस्ट म्हणजे धूळच, आपले आजोबा धुळीतच वाढले. इंग्रजीने या एका शब्दात सगळं कोंबलंय. चहाची डस्ट, खडीचीही डस्टच. आपल्याकडे रस्त्याचा फुफाटा वेगळा, लाकडाचा भुसा वेगळा, दगडाची पूड वेगळी. आजोबांच्या अंगावर उडाला तो फुफाटा. ग्रॅनाइट कापताना उडते ती सिलिका (दगड-वाळूतलं कठीण खनिज) असलेली पूड, आणि तिचे सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. फुफ्फुसातल्या पेशी ते गिळतात आणि मरतात. कण पुन्हा मोकळे, पुन्हा दुसरी पेशी, आणि आत वण धरत जातात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडलं तरी वाढू शकतो, वर क्षयाचा धोका. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणारे कितीतरी कामगार यात गेले. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांवर ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून बंदी घातली, ती याच पुडीमुळे.

आता गूळ. हो, अभ्यास झालाय, तेवढं मान्य. लखनौच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली तो छापला. पण तो उंदरांवरचा. त्यांच्या श्वासनलिकेतून कोळशाची आणि सिलिकाची पूड आत सोडली, काहींना गूळ दिला. गूळ खाणाऱ्यांत कोळशाचे कण फुफ्फुसातून जवळच्या लसिकाग्रंथींकडे (लिम्फ नोड्सकडे) जास्त सरकले, इजाही कमी दिसली. सरकले; शरीराबाहेर पडले नाहीत. रोज आठ तास दगड कापणाऱ्या माणसाने मास्क काढावा, असं त्यात कुठेही नाही. आणि गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, फुफ्फुसात जाऊन काही धूत नाही.

“खोकल्यावाटे सगळं निघतं”? जाडे कण निघतात, बारीक नाही. ओला रुमालही ते अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो, नीट घट्ट बसवलेला.

दादा, गूळ आवडतो तर खा. पण कटरला पाण्याची नळी लाव, कोरडा दगड कापू नकोस, आणि या आठवड्यात छातीचा एक्स-रे काढून घे. डॉक्टरांना तू काय काम करतोस ते आधी सांग.