पहिला खाडा

कामावर नुकताच लागलेला मुलगा न कळवता पाळीला आला नाही, की त्याच्याविषयी निकाल द्यायला आपल्याकडे कोणालाच वेळ लागत नाही. ‘हल्लीच्या पोरांना कामच नको आहे’ हे वाक्य कोल्हापूरजवळच्या शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत कोणत्याही कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसमध्ये बरीच वर्षे हजेरीचे काम पाहतो, आणि मला या निकालातला बराचसा भाग पटत नाही. पहिल्या खाड्याने फार थोड्यांची नोकरी जाते. बहुतेकांची जाते ती दुसऱ्या दिवशी, कारण शिव्यांच्या धास्तीने मुलगा फाटकाकडे फिरकत नाही आणि कारखानाही त्याला एक फोन करण्याची तसदी घेत नाही.

न कळवता पाळी बुडवण्याने नुकसान होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एसजी आयर्नच्या (ज्यातले ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असते अशा बिडाच्या) ओतकामात मॅग्नेशियमची प्रक्रिया झालेला वितळलेल्या लोखंडाचा रस ठरावीक मिनिटांतच साच्यात जावा लागतो. उशीर झाला की मॅग्नेशियमचा परिणाम उतरत जातो, ग्रॅफाइटचे गोळे नीट बनत नाहीत आणि कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, रिजेक्ट होते. लॅडलवर (रस वाहून नेणाऱ्या भांड्यावर) एक माणूस कमी असेल, तर उरलेल्यांची धांदल उडते आणि कधी रस पिगमध्ये, म्हणजे पुन्हा वितळवायच्या ठोकळ्यांत, ओतून द्यावा लागतो. तरीही मालकाच्या नुकसानीपेक्षा मला जास्त खुपते ती सुटणाऱ्या पाळीतल्या माणसाची अवस्था. आठ तास भट्टीसमोर उभा राहिलेला तो माणूस हातपाय धुऊन, डबा पिशवीत टाकून रिलीव्हरची वाट पाहत असतो, आणि सुपरवायझर येऊन म्हणतो, ‘मामा, आज डबल मारावी लागतीया.’ जादा तासांना कायद्याने दुप्पट दर असला, तरी घरी म्हशीची धार काढायची राहिलेली असते, त्याचे काय? म्हणून नव्या मुलांना मी नेहमी सांगतो की तुझ्या खाड्याचा पहिला फटका साहेबांना बसत नाही, तुझ्याच शेजारच्या गावातल्या कोणातरी मामांना बसतो.

पण मग तो कळवत का नाही? कामावर घेताना आम्ही त्याच्याकडून आधार कार्डाची प्रत, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि दोन फोटो घेतो, त्याला सेफ्टी शूज आणि हेल्मेट देतो, पंचिंगसाठी अंगठा नोंदवतो. येता आले नाही तर कोणत्या नंबरवर सांगायचे, एवढेच सांगायचे राहून जाते. बहुतेक मुले ठेकेदारामार्फत आलेली असतात, त्यामुळे त्यांच्याजवळ फक्त ठेकेदाराच्या माणसाचा नंबर असतो. मुलगा त्याला पहाटे व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकतो, तो माणूस नऊ वाजता मोबाइल उघडतो, आणि तोपर्यंत आमच्या मस्टरवर गैरहजेरी लागून सुपरवायझरच्या तोंडचा पट्टा सुटलेला असतो. मुलाच्या मते त्याने कळवलेले असते. आमच्या मते तो न सांगता पळालेला असतो.

रात्रपाळीचा घोळ तर वेगळाच आहे. पाळी आठवड्याला बदलते, आणि रात्री बारा वाजता सुरू होणारी तिसरी पाळी नक्की कोणत्या तारखेची, हे नव्या माणसाला कोणी बसून समजावत नाही. ‘सोमवारपासून तुला थर्ड’ असे ऐकलेला मुलगा सोमवारी रात्री जेवूनखाऊन ऐटीत येतो, आणि त्याची पाळी रविवारी रात्री बाराच्या ठोक्यालाच सुरू होऊन गेलेली असते. दुसऱ्या एखाद्या कारखान्यात तीच पाळी रात्री अकराला सुरू होते, म्हणजे तिथे हिशेब पुन्हा निराळा. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचे बारानंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत, हे कारखाने अधिनियम, १९४८ ने फार पूर्वीच सांगून ठेवले होते. पण कायद्यातले हे कलम पाळी फलकासमोर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाला कोण वाचून दाखवणार? अशा खाड्याला मी तरी दांडी म्हणायला तयार नाही.

रजेचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याच अधिनियमात भरपगारी वार्षिक रजेसाठी वर्षात २४० दिवस काम भरण्याची अट होती. नव्या श्रम संहितेत ती १८० दिवसांवर आणली आहे. म्हणजे नव्या माणसाच्या खात्यावर सुरुवातीचे कित्येक महिने हक्काची रजा नसतेच. चैत्रातली जोतिबाची यात्रा, गावची म्हाई (जत्रा), घरच्या रानातली भाताची लावण ही कारणे मात्र त्याच्यासाठी थांबत नाहीत. तो बिनपगारी सुट्टी मागायला जातो, सुपरवायझर मान वर न करताच ‘जमणार नाही’ म्हणतो, आणि मुलगा एक धडा शिकतो: विचारले की नकार मिळतो, म्हणून पुढच्या वेळी विचारायचेच नाही. (त्यानंतर कोणाची तरी आजी वारते. आमच्या रजिस्टरावर विश्वास ठेवायचा, तर काही मुलांना चार-चार आज्या होत्या.) पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीवरून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की रस्ते बंद होतील म्हणून जुने कामगार आदल्या दिवशीच शहरातल्या पाहुण्यांकडे मुक्कामाला येतात. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा सगळेच अडकले आणि कोणी कोणाला जाब विचारला नाही. अडचण होते ती त्याआधीच्या दिवसांत, जेव्हा पन्हाळा-शाहूवाडीकडचा एखादाच ओढा रस्त्यावर येतो आणि एकटा नवा मुलगा मागे राहतो.

शिस्तीचे म्हणाल, तर आदर्श स्थायी आदेशांतसुद्धा (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत) परवानगीशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी किंवा वारंवारची गैरहजेरी हे गैरवर्तन मानले आहे. एका पाळीचा तिथे बाऊ केलेला नाही. गैरहजेरीबद्दलची पगारकपातही गैरहजेर काळाच्या प्रमाणातच करता येते. एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापणारे ठेकेदार शिस्त लावत नसून नियम मोडत असतात, हे मी आमच्या ऑफिसात बोललो आहे आणि त्याबद्दल तोंडे वाकडी झालेलीही पाहिली आहेत.

मध्यंतरी एक गृहस्थ मुलाला घेऊन फाटकावर आले होते. डोक्याला टोपी, हातात नायलॉनची पिशवी. मुलगा दोन पावले मागे, नजर बुटांकडे. ‘साहेब, पोरगं कामाला तयार हाय, पन आत यायला भ्यालंय,’ असे ते म्हणाले. मुलाने एकच पाळी बुडवली होती आणि पुढचे दोन दिवस तो नेहमीच्या वेळी डबा घेऊन घरातून निघून सांगली फाट्यावर बसून राहत होता. त्याला परत घेतले. आज तो कोअर शॉपमध्ये (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागात) आहे आणि त्याचे काम चोख आहे. पण प्रत्येकाच्या वडिलांना असे यायला जमेलच असे नाही, आणि त्यांनी का यावे?

मुलांना माझे सांगणे सरळ आहे. पाळी बुडाल्यावर चार तासांनी केलेला फोनही चालतो. खरे कारण सांगा, ‘झोप लागली’ हेही कारण चालते, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर या. सुपरवायझर मंडळींना सांगणे असे की ओरडायचे असेल तर पाळी संपल्यावर बाजूला घेऊन ओरडा, सगळ्यांसमोर फाटकावर नको.

नव्या माणसाच्या ओळखपत्रामागे कळवण्याचा एक नंबर छापावा, एवढी सूचना मी वरिष्ठांना दिली आहे. तिच्यावर ‘रात्री अडीचला तो फोन उचलणार कोण?’ असा आक्षेप आला. फाटकावरच्या केबिनमध्ये सुरक्षारक्षक तिन्ही पाळ्यांना असतो, तिथे फोन आहे आणि ट्रकची आवक-जावक लिहायची वहीही आहे. त्याच वहीत गैरहजेरीचा निरोप लिहिण्यासाठी एक रकाना वाढवायला काय हरकत आहे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.