तंबोऱ्याला शोकेसमध्ये उभं करून फाशी देणाऱ्यांनो

कुठल्याही वाद्यसंग्रहालयात जा, पहिल्या दालनात तंबोरा असतोच. आणि त्याच्या चारही तारा एकाच जाडीच्या पोलादी असतात. अहो, त्या चार वेगवेगळ्या तारा आहेत: पंचम (प), दोन जोड (सा) आणि शेवटी खर्ज (खालचा सा). खर्जाची तार पितळेची आणि चांगली जाड हवी, कारण ती जोडाच्या बरोबर एक सप्तक खाली लागते. बारीक पोलादी तार तिथे लावली तर ती खर्जात वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबते. पण बाजारातून एकच रीळ आणायचं, चार तुकडे करायचे, ओढून टाकायचे, झालं काम! खाली पाटी: ‘तंबोरा. लाकूड, भोपळा, धातू. १९वे शतक.’ धातू म्हणे. कुठला धातू, कुठे, कशाला? तिकीट काढून आलेल्या माणसाने एवढंच वाचून पुढे सरकायचं.

घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा तर कधीच नसतो. तंबोऱ्याचा जीव त्या दोऱ्यात आहे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार घासलेला असतो. तार त्यावर लोळते, कंप पावताना पुन्हा पुन्हा टेकते, आणि दोरा तिला नेमक्या जागी केसभर उचलून धरतो. दोरा थोडा पुढे-मागे सरकवला की जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झंकार, उघडते किंवा मिटते. हे बघायचं तर घोडी बाजूने, खालच्या कोनातून दिसायला हवी. शोकेस मात्र अशी की तंबोरा समोरून, छाती पुढे काढून उभा, आणि वरून दिवा. घोडीचा माथा नेमका चकाकीत गुडुप! बाजूला एक आरसा लावायला किती खर्च येतो? आणि भोपळ्याखाली चुंबळ? छे. भोपळा थेट काचेवर टेकवलेला. सगळा भार एका बिंदूवर, म्हणून तिथूनच तडा जातो. मर्दानी (पुरुष गायकाचा) तंबोरा साधारण ५ फुटांचा आणि शोकेस साडेचार फुटांची, त्यामुळे तो बिचारा कोपऱ्यात शिक्षा झाल्यासारखा तिरका. मणी नाहीतच. सूर बारीक मिळवायचे चार मणी, घोडी आणि लंगोट (तारा खाली जिथे अडकवतात तो भाग) यांच्या मधले, तेच गायब. विचारलं तर म्हणतात, ‘तसाच आला होता.’

बरं, तारा लावल्याच आहेत तर किती ओढायच्या याचा तरी विचार करा. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार सुरात असते तेव्हा तिच्यावर ६ किलोच्या आसपास ताण असतो. वर अशा सात तारा, खाली अकरा ते तेरा तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा. हिशेब करा आणि हे ओझं वर्षानुवर्षं, रात्रंदिवस, शंभर वर्षांच्या तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) आणि दांडीवर टाका. तबली खचते, दांडी पुढे वाकते, गळ्याचा सांधा उघडतो. हे वाचून कुणीतरी शहाणा सगळ्या तारा एकदम सोडून टाकतो. मग घोडी पडते, कारण ती तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. पडली की? फेविकॉल! आणि चिकटवतात तीही भलत्याच जागी. मधला मार्ग अवघड नाही हो. तारा चार-पाच स्वर उतरवायच्या, म्हणजे त्या सरळ राहतात, घोडी दाबून धरतात आणि लाकडाला ओढत नाहीत. कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारलं असतं तर चहाच्या कपावर सांगितलं असतं.

पण खरं डोकं फिरतं ते सतारीचे पडदे बघून. पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकणारे. साफसफाईत ते हलतात, मान्य. पण परत लावताना समान अंतरावर? जिना आहे का तो? मेरूपासून (दांडीच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून) घोडीपर्यंत तार ८८ सेंटिमीटर धरली तर मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात बरोबर ४४ वर येतो. सुरुवातीला एका अर्ध्या स्वराला ५ सेंटिमीटर लागतात, तर सप्तक चढल्यावर त्याच अर्ध्या स्वराला अडीच. अंतर कमी कमी होत गेलंच पाहिजे, नाहीतर ते वाद्य नाही, फूटपट्टी आहे. आणि अशा सतारीचे फोटो शाळेची मुलं वहीत चिकटवतात.

पाट्यांचं तर बोलूच नका. पांढरं काही दिसलं की ‘हस्तिदंती नक्षी’. १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून सेल्युलॉइड आलं आणि वाद्यांच्या कडांना ते सर्रास लागलं. ओळखणं कठीण नाही. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडात बारीक काळपट टिंबं आणि रेघा असतात. सेल्युलॉइड एकसारखं गुळगुळीत, जुनं झालं की पिवळट, आणि त्याला कापराचा वास येतो. हा फरक नुसता पाटीपुरता नाही. सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्लधर्मी वाफा सुटतात. बंद शोकेसमध्ये त्या कोंडतात आणि शेजारच्या पितळी तारांवर हिरवा थर चढवतात. बाहेरून प्रेक्षक म्हणतो, ‘वा, किती जुनं!’ जुनं नाही बाबा, ते सडतंय. शोकेसला हवेची भोकं ठेवा, सेल्युलॉइडवालं वाद्य वेगळं ठेवा.

मूळ ठिकाण म्हणून ‘उत्तर भारत’. समोरची वस्तू मिरजेची आहे हे भोपळा आणि कोरीव पानं ओरडून सांगत असतात! मिरजेत शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी मंडळी, १९व्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळली. फरीदसाहेबांचं नाव तिथे आजही घेतात. भोपळे पंढरपूर-सोलापूर भागातून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि महाराष्ट्रातल्याच दालनात पाटी ‘उत्तर भारत’. लाज वाटायला हवी.

वीणा या शब्दाने तर सगळ्यांची सोय करून ठेवलीय. दोन भोपळ्यांची रुद्रवीणा? वीणा. फणसाच्या लाकडाची, २४ पडदे मेणात बसवलेली सरस्वती वीणा? वीणा. पडदेच नसलेली, काचेचा गोळा तारेवर फिरवून वाजवायची विचित्रवीणा? तीही वीणा. आणि वारकऱ्यांच्या विणेकऱ्याच्या गळ्यातली? ‘वीणा (लहान)’. चार वाद्यं, चार वेगळे हात, चार वेगळ्या बैठका, आणि पाटी एकच. सारंगीजवळ कहर आहे, तिला ‘भारतीय व्हायोलिन’ म्हणतात. तीन तातीच्या (आतड्याच्या) तारा, खाली पस्तीस-सदतीस तरफा, आणि स्वर बोटाच्या टोकाने दाबून नव्हे तर नखाच्या मुळाशी तारेला बाजूने टेकवून काढायचा. सारंगी अवघड का, हे या एका वाक्यात कळलं असतं. पाटीवर त्याऐवजी काय, तर ‘मधुर आवाजाचे वाद्य’.

तालवाद्यांच्या दालनात जरा श्वास घेऊन जावं, कारण तिथे तबला-डग्ग्याच्या जागा उलट्या असतात. डग्गा वादकाच्या उजव्या हाताला. कारण मांडणाऱ्याने समोर उभं राहून मांडलं, वादकाच्या बाजूने नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडावर खरी कणीक थापून ठेवायचं तर कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. कणीक वाजवण्याआधी लावायची आणि मैफल संपली की खरवडून काढायची असते. ती वाळली की चामडं ओढून घेते, ओली राहिली की बुरशी, आणि दोन्ही वेळा झुरळांची मेजवानी. दाखवायचीच असेल तर बाजूला फोटो लावा ना! संबळाची एकच हंडी ठेवलेली. जोडी आहे ती, दोन तोंडांचा आवाज वेगळा असतो आणि त्या फरकावरच गोंधळ उभा राहतो. तुणतुण्याचं तोंड वर, म्हणजे चामडं दिसतच नाही, लोकांना वाटतं लाकडी माप आहे आणि त्याला काठी.

हार्मोनियमचा भाता ‘छान दिसतो’ म्हणून उघडा. त्यातून धूळ थेट सुरांवर (आतल्या धातूच्या पट्ट्यांवर) आणि घडीच्या चामड्याला कायमची ओढ. वर पाटी ‘पारंपरिक भारतीय वाद्य’. पेटंट पॅरिसच्या दबें नावाच्या वाद्यकाराचं, १८४२चं. आपण ते मांडीजवळ घेऊन आपलं केलं ही गोष्ट कितीतरी जास्त रंजक आहे, ती सांगा की.

हवेचं गणित सोपं आहे: लाकूड, भोपळा, चामडं आणि तात यांना सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर हवी, आणि स्थिर हा शब्द आकड्यापेक्षा महत्त्वाचा. आपल्याकडे एसी दहाला सुरू, पाचला बंद. पावसाळ्यात रात्री बाहेरची ओली हवा आत, सकाळी पुन्हा कोरडी. भोपळा आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने फुगतात-आकसतात, सांधा त्यांच्यामध्ये भरडला जातो. त्यापेक्षा एसी नसलेलं, जाड भिंतींचं जुनं घर परवडलं. रंगवलेल्या चामड्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, तर इथे लग्नाच्या मांडवातला हॅलोजन. आणि वर लाखेच्या जुन्या पॉलिशवर फर्निचरचं मेलामाइन! लाख स्पिरिटने परत निघते, हे निघत नाही.

आणि आवाज? वाद्यांच्या संग्रहालयात आवाज नाही. ब्रसेल्सचं वाद्यसंग्रहालय १८७७चं; त्याच्या आरंभीच्या संग्रहात कलकत्त्याच्या शौरींद्रमोहन ठाकुरांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला पाठवलेली शंभराच्या आसपास भारतीय वाद्यं आहेत. तिथे शोकेससमोर उभं राहिलं की हेडफोनमध्ये वाद्य ऐकू येतं. आपल्याकडे एक बटण असतं. ते दाबलं की आठ सेकंद इलेक्ट्रॉनिक तंबोरा वाजतो. खऱ्या तंबोऱ्यासमोर! चार तारा निवांत छेडायला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे दोन आवर्तनंसुद्धा धड नाहीत. कान जवारीवर बसायच्या आत बंद. शेजारच्या बटणाला चिकटपट्टी, ‘बंद आहे’.

फोटो काढू नका, हात लावू नका, काचेला टेकू नका. मोबाइल वर केला की शिट्टी. आणि सोमवारी, दालन बंद असताना, साफसफाईवाल्याला कुणी काहीही न सांगता ओलं फडकं देऊन आत सोडलेलं. तो तारांवरून वरपासून खालपर्यंत फडकं ओढतो, पोलादाला पाणी लागून बुधवारपर्यंत गंज. पडदे सरकतात ते तेव्हाच. तार तटकन तुटते तीही तेव्हाच, आणि तिच्यात ओवलेला मणी टणटण करत फरशीवर. तो केरात जातो. म्हणे तसाच आला होता.