शिकवायच्या व्हिडिओला महागडं सॉफ्टवेअरच लागतं, हे खरं नाही

शिक्षकांच्या आणि प्रशिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: दर्जेदार शैक्षणिक व्हिडिओ करायचा तर ॲडोबी प्रीमिअर प्रोसारखं व्यावसायिक सॉफ्टवेअरच घ्या, मोफत सॉफ्टवेअरमध्ये वॉटरमार्क (व्हिडिओवर उमटणारा सॉफ्टवेअरचा शिक्का) येतो, व्हिडिओ ४केमध्येच (फुल एचडीपेक्षाही बारीक चित्रात) काढा, आणि भरपूर इफेक्ट टाका, म्हणजे विद्यार्थी खिळून राहतो. हे वाचून कुणी व्हिडिओ करायचा बेतच सोडून देतं, तर कुणी क्रॅक केलेली प्रत उतरवून संगणकात व्हायरस घेऊन येतं. म्हणून याला नीट उत्तर द्यायला हवं.

वॉटरमार्कचं आधी बघू. फोनवरच्या काइनमास्टरच्या मोफत आवृत्तीत तो येतो, तेवढं खरं. पण केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट ही व्हिडिओ संपादनाची मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांत वॉटरमार्क नाही, व्हिडिओच्या लांबीवर बंधनही नाही. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीसुद्धा सहसा शिक्का मारत नाही. मात्र तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, त्यामुळे शाळेतल्या जुन्या संगणकावर मी ती सुचवणार नाही. तिथे केडेनलाइव्ह बरं. त्यात ‘प्रॉक्सी’ची सोय आहे: संपादन हलक्या प्रतीवर करायचं आणि शेवटी मूळ चित्रणातून व्हिडिओ काढायचा.

४केचा आग्रह तर सरळ हिशेबानेच मोडतो. यूट्यूब १०८०पी (फुल एचडी) व्हिडिओसाठी सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट डेटा सुचवतं, ४केसाठी ३५ ते ४५. म्हणजे दहा मिनिटांचा एकच धडा एकीकडे ६०० एमबी आणि दुसरीकडे ३ जीबीच्या आसपास. बघणारा तो हातभर अंतरावरच्या फोनवर बघणार. त्याला अक्षर मोठं हवं आणि आवाज स्वच्छ हवा. पंखा बंद करून, माइक तोंडाजवळ घेऊन बोललात आणि उरलेली घरघर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कमी केलीत, तर व्हिडिओ जितका सुधारतो तितका ४केने सुधारत नाही.

इफेक्टचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवलंय की धड्याशी संबंध नसलेली चित्रं, संगीत आणि सजावट काढली की शिकणं सुधारतं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख पाहण्या तपासणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात छोटे व्हिडिओ जास्त टिकून बघितले गेले, आणि स्टुडिओतल्या खर्चिक चित्रणापेक्षा शिक्षक समोर बसून बोलतोय असं वाटणारे साधे व्हिडिओ पुढे जाऊ शकतात हेही दिसलं.

पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर वाया जातं असं मात्र नाही. टॅलीसारखं संगणकावरचं काम रोज शिकवायचं असेल, तर पडद्याचं चित्रण आणि संपादन करणाऱ्या कॅमटेशियाचा खर्च वसूल होऊ शकतो. त्यात माउसचा बाण वेगळा नोंदला जातो, त्यामुळे चित्रण झाल्यावरही तो मोठा किंवा ठळक करता येतो. ओबीएस स्टुडिओ मोफत आहे आणि उत्तम आहे, पण त्यात पडद्याचं चित्रण होतं, संपादन नाही. कापाकापी दुसरीकडे करावी लागते.

आता त्या सल्ल्यात नसलेल्या दोन गोष्टी. मराठी शिक्षकाने सॉफ्टवेअर यांवरच निवडावं असं मला वाटतं.

एक, देवनागरी. व्हिडिओतल्या पाटीवर ‘स्थितिज ऊर्जा’ लिहून बघा. वेलांटी आणि रफार जागेवर बसतात का? जोडाक्षर तुटून हलन्त दिसतं का? ‘वाऱ्याचा वेग’ लिहा आणि तो ‘ऱ्य’ बघा. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप नीट होतंच असं नाही. प्रीमिअरमध्येही सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारी सोय) निवडावं लागतं. या अडचणीमुळेच कितीतरी जण अजून युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये पाट्या करतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर प्रोजेक्ट (संपादनाची मूळ फाइल) उघडला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. चौथीतल्या मुलासमोर चुकीचं अक्षर ठेवणं मला तरी पटत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. लग्नाचा व्हिडिओ एकदा झाला की झाला. शिकवायचा व्हिडिओ पाठ्यपुस्तकासारखा असतो: अभ्यासक्रम बदलतो, संकेतस्थळावरचं बटण हलतं, एक वाक्य चुकलेलं निघतं. तेव्हा मूळ प्रोजेक्ट उघडायला हवा. ॲडोबीने २०१३पासून प्रीमिअर प्रोच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर दिल्या. वर्गणी थांबली की प्रोजेक्ट हाताशी असूनही त्यावर काम करता येत नाही. केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाइल ही साधी मजकुराची फाइल असते, आणि बदली होऊन आलेले नवे सरही ती पैसे न भरता उघडू शकतात. फक्त चित्रण, आवाज आणि प्रोजेक्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

व्हिडिओतून सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात आधी संहिता लिहितात, धडा दहा मिनिटांच्या आसपास ठेवतात, आणि पडद्यावरचं चित्रण तेच ठेवून मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज बदलतात. आवाज आणि चित्र वेगवेगळं ठेवल्यामुळेच हे जमतं.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी दोन मिनिटांचा एक धडा करून बघा. आठवड्याने तो पुन्हा उघडा, मधलं एकच वाक्य नव्या आवाजात बदला आणि पाटीवर ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द टाका. हे दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय अर्ध्या तासात झालं, तर ते सॉफ्टवेअर ठेवा.