गूगल मॅपवर प्रत्येक फ्लॅटचं वेगळं प्रोफाइल? तो मेसेज चुकीचा आहे

प्रॉपर्टी एजंटांच्या ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: विकायच्या प्रत्येक फ्लॅटच्या पत्त्यावर वेगळं गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल मॅपवर दिसणारी व्यवसायाची नोंद) उघडा, नावात 'बेस्ट एजंट' आणि एरियाचं नाव घाला, मॅपवर वर दिसाल.

गूगलच्या जाहीर नियमावलीत नेमकं उलट आहे. विक्रीची किंवा भाड्याची रिकामी घरं प्रोफाइलला पात्रच नाहीत. विक्री कार्यालय चालतं, फ्लॅट नाही. नाव पाटीवर आणि कार्डावर असतं तेच हवं. फर्मसाठी काम करणारा एजंट स्वतःचं प्रोफाइल ठेवू शकतो, पण ग्राहक त्याला थेट गाठू शकत असतील तरच. फर्ममध्ये ग्राहकांना भेटणारे तुम्ही एकटेच असाल, तर दोन प्रोफाइल करू नका. एकच ठेवा, आधी फर्मचं नाव, मग तुमचं.

घरून काम करता आणि ग्राहक घरी येत नाहीत? पत्ता लपवा, सेवाक्षेत्र भरा. जास्तीत जास्त 20 भाग घालता येतात.

नियम मोडला की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग नाव दुरुस्त करा, जादा प्रोफाइल काढा आणि त्यानंतरच अपील करा. नोंदणी किंवा परवान्याची कागदपत्रं हाताशी असू द्या. घाईघाईत नवं प्रोफाइल उघडणं ही नेहमीची चूक, त्याने गुंता वाढतो.

त्याच मेसेजमधला 'रिव्ह्यूसाठी सूट द्या' हा सल्लाही नियमबाह्यच. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण कृपया मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.